ओरडा खायचा मान

डबा झाकणाने उचलायचा, ही आमच्या शेठची रीत. आपण बायका डबा उचलतो तो खालून हात घालून, पोटाशी धरून. ते तसं कधीच करत नसत. अंगठा आणि दोन बोटं झाकणाच्या कडेला लावायची, डबा भरकन वर घ्यायचा आणि हवेत धरून ठेवायचा. लटकत राहिला तर पुढचा. पण झाकण हातात राहिलं आणि डबा टेबलावर ठण्णकन पडला, की सुरू. "हे काय आहे? मला सांगा, हे काय आहे? बोला आता." आणि कुणी बोलायला तोंड उघडलं की त्याच्यावर, "मध्ये बोलू नका."

डबा लटकत राहिला तरी सुटलो असं नाही. मग दुसऱ्या हाताने झाकण ओढून बघायचे. निघायला जरा जोर लागला की, "हे झाकण आहे का बाटलीचं बूच? घरातली सून हे कशाने उघडणार? दातांनी?"

ढिलं झालं तरी ओरडा, घट्ट झालं तरी ओरडा. तुम्हीही असं माणूस पाहिलं असेल. कुणी ऑफिसात, कुणी शाळेत, कुणी घरातच. मला ते कामाच्या जागी भेटलं आणि अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहायला बसले. सरळ सांगता येईल की नाही, कोण जाणे.

अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदचा सुमार असेल. गिरगावातली दहा बाय दहाची खोली सोडून आम्ही भाईंदरला वन रूम किचन घेतलं होतं. ह्यांचं ऑफिस फोर्टात, सकाळी गेले की दिवे लागल्यावर यायचे. मुलगा शाळेत. बिल्डिंगमध्ये पाणी एक दिवसाआड, तेही टँकरने. घरात बसून काय करायचं? शेजारच्या वहिनी म्हणाल्या, पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत, तिथे बायका घेतात. तिथे मी गेले आणि ते भेटले.

गाळा म्हणजे काय, एक लांबट खोली, वर पत्रे. मागच्या बाजूला भांडी पॉलिश करायच्या बफिंगच्या मशीन, त्यावर काम करणारे कारागीर दिवसभर नखशिखांत काळे. भांडी मात्र त्यांच्या हातातून चकचकीत होऊन पुढे यायची. पुढे आमचं टेबल. आम्ही सात जणी. डब्यावरचा पॉलिशचा मसाला खडूच्या पुडीने पुसायचा, झाकणं जुळवायची, लहान डबा मोठ्यात, तो त्याहून मोठ्यात, असा सात डब्यांचा सेट लावायचा आणि कागदात गुंडाळायचा. झाकण जुळवणं हे खरं काम. सगळी झाकणं दिसायला सारखी, पण केसभर फरक असतो. हाताला कळतो, डोळ्याला नाही.

मालक आपले मराठी, महाडकडचे. पण भाईंदरला गाळ्याच्या मालकाला शेठच म्हणतात, म्हणून तेही शेठ. मुंबईत एका गुजराती कारखान्यात पंधरा वर्षं कारागीर होते, मग स्वतःचा गाळा काढला. त्यामुळे बोलायचे मराठी, कारागिरांशी हिंदी, आणि रागात मध्येच गुजराती. "मूकी दे" म्हणजे ठेवून दे. मला काय माहीत? पहिल्याच दिवशी माझ्या हातात डबा होता आणि शेठ लांबून ओरडले, "ए बाई, मूकी दे." मला वाटलं, मला मुकी म्हणतायत. दोन दिवस मी तशीच गप्प, मनातून जळत. तिसऱ्या दिवशी धीर करून म्हटलं, "शेठ, मी मुकी नाही. सातवी शिकलेय." सगळं टेबल हसलं. ते हसले नाहीत. "मग सातवीपर्यंत डबा खाली ठेवायला नाही शिकवलं?" असं ओरडले.

आवाज असा, की मागे चार मशीन चालू असताना शेजारच्या दोन गाळ्यांत ऐकू जायचा. फोनवरही तसाच. आमच्या टेबलावरची हिराबाय म्हणायची, "ह्यांना फोन कशाला लागतंय? दारात उभं राहून बोलतील तरी मुंबईला पोचंल." लाइट गेली की लाइटवर ओरडायचे, मशीनचा पट्टा तुटला की पट्ट्यावर. मुलगी दहावी पास झाली त्या दिवशी पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले आणि टेबलावर आपटून म्हणाले, "पास झाली. बघताय काय? घ्या." एक नवीन बाई होती, ती रडायलाच लागली. तिला कळेचना की ही आनंदाची बातमी आहे.

हे सांगताना मला हसू येतंय. पण तेव्हा सगळंच हसण्यासारखं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. रोज सकाळी नऊला शेठ यायचे. पत्र्याच्या दाराचा आवाज झाला की सात जणींचे चौदा हात एकदम जोरात चालायला लागायचे, आणि घाईत नेमकी चूक व्हायची. शिव्या नव्हत्या त्यांच्या तोंडात, आईबापावरून कधी बोलले नाहीत. पण आवाजानेच माणूस सोलून निघतं. एक बाई दुपारी उठली, चपला घातल्या आणि गेली, ती परत आलीच नाही.

आणि लता होती. गुहागरकडची, पंचविशीची, हाताने फार चांगली. डोळे मिटून झाकण जुळवायची. पण कुणी आवाज चढवला की तिचे हात थरथरायचे. एकदा शेठ तिला म्हणाले, "हात आहेत का लाकडं?" बस, एवढंच. पण तो पूर्ण दिवस तिच्याकडून एकही सेट लागला नाही. तिचा नवरा बांधकामावर पडला होता, पायात सळई घातलेली, घरी पडून. तिचं काम सुटलं असतं तर त्या घरात दुसरं कुणीच कमावणारं नव्हतं.

आता हिराबाय. ही जवळच्याच मुर्धा गावची, वयाने आमच्यात मोठी, कुणाला न भिणारी. तिने एक गोष्ट हेरली. एक दिवस डबा खाताना म्हणाली, "बाय, तुझ्या ध्यानात आलाय का? सकालचा एकदा पोटभर वरडला का मंग दुपारपरत गप. कुनावर वरडला त्याचा काय न्हाय. वरडायला मिलाला पायजे."

मी लक्ष ठेवलं. खरंच. सकाळी पहिल्या दहा मिनिटांत एक चूक सापडली, की त्या बाईवर सगळा राग काढून ते आत जाऊन हिशोबाला बसायचे. नाही सापडली, की मात्र दिवसभर टेबलाभोवती घिरट्या, आणि सगळ्यांवर थोडं थोडं.

मग मी काय केलं? हे मीच केलं, दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. मी पाळी लावली. रोज एकीने मुद्दाम एक ढिलं झाकण लावायचं आणि तो डबा ढिगाच्या वर, त्यांच्या हाताला पहिला येईल असा ठेवायचा. ते येणार, उचलणार, ठण्ण. "हे काय आहे? बोला आता." तिने मान खाली घालून ऐकून घ्यायचं. ते आत गेले की झाकण बदलायचं आणि सगळ्यांनी शांतपणे काम करायचं. पाळी म्हटलं की बायका खिदळायच्या, म्हणून आम्ही त्याला मान म्हणायला लागलो. पूजेला बसायचा असतो ना, तसा. "आज मान कुणाचा?" "तुझाच गं, पदर सावर." ज्या दिवशी आपला मान असे त्या दिवशी भीती वाटायची नाही, हे मात्र नवल. आपणच बोलावून आणलेला ओरडा तो. हिराबायचा मान असला की ती मागून म्हणायची, "आज बारीक वरडला. तब्येत बरी न्हाय वाटतं."

सहा वार, सहा जणी. लताला आम्ही वगळलं होतं. अडीच वर्षं हे असं चाललं. झाकण नंतर आठवणीने बदलायचं, ती जबाबदारी माझी. एकदाही चुकलं नाही.

एक दिवस लता म्हणाली, "ताई, मलाही मान द्या."

"तुला कशाला गं? आहोत ना आम्ही."

"अडीच वर्षं तुमच्या जिवावर बसलेय. मागे बोलतात, लता लाडाची. मला दया नको, ताई. एकदा तरी उभी राहून बघते."

आम्ही तिला सोमवार दिला. रविवारभर तिने धसका घेतला असणार. सोमवारी आली ती ओठ पांढरे करून. माझ्या आधी येऊन तिने झाकणं लावूनही ठेवली होती. मी विचारलं, "लावलंस?" तिने मान हलवली.

दार वाजलं. शेठ आले. गळ्याभोवती मफलर. टेबलाजवळ थांबले, ढिगाकडे बघितलं, हात पुढे केला आणि मागे घेतला. एक शब्द न बोलता आत गेले.

आम्ही सात जणी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. मागचे कारागीरसुद्धा मशीन बंद करून डोकावले. दहा मिनिटांनी शेठ एक वही घेऊन बाहेर आले आणि पान आमच्यासमोर धरलं. त्यावर लिहिलं होतं, 'वाचता कोणाला येतं?'

ज्यांना वाचता येत नव्हतं त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "मला येतं, शेठ." त्यांनी पुढचं पान उलटलं. मी वाचलं. डॉक्टरने महिनाभर बोलायला बंदी केली आहे. घशात गाठ आहे. बोललो तर आवाज कायमचा जाईल. जे सांगायचं ते लिहीन, या बाईंनी वाचायचं.

"घ्या," हिराबाय पुटपुटली, "सगल्यांना मुकी करता करता स्वतःच मुका झाला."

दुपारपर्यंत गाळ्यात दुसरा विषय नव्हता. दोनला टेम्पो आला. माल मुंबईच्या एका मोठ्या दुकानाचा, लग्नसराईचा. सेट भराभर गुंडाळले, खोके चढवले, टेम्पो गेला. आणि लताचं झाकण बदलायचं मी विसरले. अडीच वर्षांत पहिल्यांदा. लता समजली मी बदललं असेल. मला त्याची आठवणच राहिली नाही.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी त्यांचा आवाज झाले. तुम्हाला गंमत वाटेल. ते चिठ्ठी लिहून माझ्यापुढे सरकवायचे, मी उभी राहून वाचायची. पहिल्या दिवशी मी आपली हळू, पोथी वाचावी तसं वाचलं, 'हे काय आहे.' त्यांनी हाताने खूण केली, वर, अजून वर. चिठ्ठी परत घेऊन शब्दाखाली तीन रेघा मारल्या. तेव्हा मला कळलं, रेघा म्हणजे आवाज. एक रेघ असली की जरा जोरात. दोन असल्या की मागच्या मशीनपर्यंत. तीन असल्या की पूर्ण.

सुरुवातीला बायका हसायच्या, मलाही हसू फुटायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी हिराबायच्या डब्यावर डाग निघाला. चिठ्ठी आली, मी वाचली. वाचून खाली बसले तर हिराबाय माझ्याकडे टक लावून बघत होती. शांतपणे म्हणाली, "बाय, कागदावर दोन रेघा व्हत्या. मला वाचता येत न्हाय, पन रेघा मोजता येतान. तू चार मारल्यास."

मी म्हटलं, "चुकून झालं गं." पण चुकून झालं नव्हतं. ओरडताना छाती मोकळी होते, सगळे ऐकतात, आणि जबाबदारी आपली नसते. कागदावर लिहिलेलं असतं ना. ते चांगलं वाटलं होतं मला. त्या दिवशी घरी गेल्यावर मुलाला जेवायला हाक मारली तर तो दचकला.

पंधराव्या-सोळाव्या दिवशी टेम्पो परत आला. माल न्यायला नाही, माल परत करायला. दुकानाच्या माणसाने तीन सेट उघडून बघितले होते, त्यातल्या दोन सेटची झाकणं उचलल्याबरोबर हातात. त्याने सगळा माल नाकारला. खोक्यांचा ढीग आमच्या दारात.

मी लताकडे बघितलं. एका झाकणाने दोन सेट कसे बिघडतील? ती माझ्याजवळ सरकली आणि माझ्या कानात म्हणाली, "ताई, एकात त्यांना नाही दिसलं तर, म्हणून मी पाच सेटमध्ये बदलली होती. आपला मान फुकट जायला नको म्हणून."

काय म्हणावं? आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम चूक करायची, तर तीही पोरीने मन लावून केली होती.

शेठ खोक्यांपाशी उभे होते. एकेक डबा झाकणाने उचलत होते, ठण्ण, ठण्ण. ही चूक हाताची नाही, कुणीतरी केलेली आहे, हे त्यांना कळलं. पंधरा वर्षं कारागीर होते ते. अदलाबदल केलेलं झाकण त्यांना कळणार नाही तर कुणाला? त्यांनी वही काढली. बराच वेळ लिहिलं. पान फाडून माझ्या हातात दिलं.

लिहिलं होतं, 'ज्या बाईने ही झाकणं बदलली तिने आत्ताच्या आत्ता पुढे यावं. उद्यापासून तिला इथे काम नाही.' खाली रेघा किती होत्या ते मोजलं नाही. कागद फाटला होता रेघांनी.

टेबलाच्या टोकाला लता उभी. हात पदरात, पण पदर हलत होता. वाचलं की ती पुढे येणार, हे मला दिसत होतं. तशीच होती ती. येणार आणि 'मी' म्हणणार.

मी कागद वर धरला आणि पूर्ण आवाजात वाचलं, "ज्या बाईने ही झाकणं बदलली, तिने उद्यापासून रोज एक तास जास्त थांबून परत आलेला सगळा माल तपासून द्यावा."

आवाज कापला नाही माझा. सवय झाली होती ना.

बायकांनी श्वास सोडला. शेठ माझ्याकडे बघतच राहिले. आधी त्यांना वाटलं असेल, आपण ऐकण्यात चुकलो. मग त्यांनी कागद माझ्या हातातून ओढला, त्यावर बोट आपटलं, माझ्याकडे बोट केलं. सगळ्यांकडे बघितलं. त्यातल्या चौघींना वाचता येत नव्हतं आणि ज्या दोघींना येत होतं त्या खाली बघत होत्या. शेठच्या मानेच्या शिरा फुगल्या. आणि ते ओरडले.

"खोटं. खोटं वाचतेय ही."

पहिलं 'खोटं' नेहमीसारखं, शेजारच्या गाळ्यात जाईल असं. दुसऱ्याला आवाज मध्येच फाटला, जुनं धोतर टरकावं तसा. 'ही' नुसताच वाऱ्यासारखा निघाला. ओठ त्यानंतरही हलत होते. काहीच येत नव्हतं.

ते गळा धरून खोक्यावर बसले. हिराबायने पाण्याचा लोटा दिला. प्यायले, ठसकले. मागच्या मशीन बंद झाल्या होत्या.

मग मीच बोलले. सगळं सांगितलं. लताचं नाव घेतलं, ते घ्यावंच लागलं, पण आधी माझं घेतलं. मान म्हणजे काय, पाळी कशी लावली, झाकण बदलायचं काम माझं होतं आणि मी विसरले. ते ऐकत होते. मध्ये बोलू नका म्हणायला आवाज नव्हता.

माझं संपल्यावर त्यांनी वही मांडीवर घेतली. लिहिलं, 'किती दिवस?'

"अडीच वर्षं, शेठ."

'रोज?'

"रोज."

मग परत लिहिलं. या वेळी रेघ एकही नाही, अक्षर बारीक. 'म्हणजे मी पकडलेली एकही चूक खरी नव्हती?'

हे मात्र मी मोठ्याने वाचलं नाही. हळूच म्हटलं, "खऱ्या पण व्हायच्या, शेठ. पण त्या तुम्ही यायच्या आधीच आम्ही काढायचो."

आपण काय बोललो हे बोलल्यावर कळतं. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. त्यांचा चेहरा असा झाला, की मी नजर वळवली. त्यांना वाटत होतं, आपण ओरडतो म्हणून डबा नीट होतो. आणि आम्ही त्यांना रोज सकाळी एक डबा खेळायला देत होतो. वही बंद करून ते आत गेले. लताला काढलं नाही. माझ्या हाताखाली तिनेच सगळा माल तपासला, रोज एक तास जास्त थांबून, मी वाचलं होतं तसं.

त्यांचा आवाज परत आला नाही. ऑपरेशन झालं. नंतर नुसती कुजबुज राहिली, कानाजवळ तोंड आणल्याशिवाय कळायची नाही. डॉक्टर म्हणाले, गाठच वाईट जागी होती, गेला असता तसाही. हे मला हिराबायने सांगितलं. मी स्वतः कधी विचारायला गेले नाही. मला कुणी बोल लावला नाही, त्यांनीही नाही.

ते टेबलाकडे यायचे बंद झाले. तपासणीचं काम माझ्याकडे आलं. तुम्ही म्हणाल, बरं झालं, शांतता झाली. कसली शांतता? सकाळी दार वाजायचं, ते सरळ आत जायचे, आणि आमचे हात काहीतरी व्हायची वाट बघत राहायचे. कामात लक्षच लागेना. हिराबाय म्हणायची, "वरडत व्हता तवा निदान कलत तरी व्हता, माणूस कुठं हाय."

आणि एक दिवस माल घाईचा होता, लताने दोन झाकणं घट्ट लावली. मी तिला काय बोलले ते आठवत नाही. कसं बोलले ते आठवतं. तिचे हात थरथरायला लागले. संध्याकाळी चपला घालताना ती म्हणाली, "ताई, तेव्हा तुम्ही वाचवलंत, ते मी विसरणार नाही. पण आता दार वाजलं की मला शेठची भीती वाटत नाही. तुमची वाटते." दोन महिन्यांनी नवरा काठी घेऊन चालायला लागल्यावर तिने काम सोडलं. जाताना पाया पडली. मला ते सोसलं नाही.

मीही पुढच्या वर्षी सोडलं. गाळा त्यानंतर तीन-चार वर्षं चालला, मग विकला. आता तिथे काय आहे, बघायला गेले नाही.

शेवटचे ते मला भेटले ते मुर्ध्याला. हिराबायच्या नातीचं बारसं होतं. मी निघून रस्त्यावर बसची वाट बघत उभी होते, तर पलीकडून ते आले. शेजारच्या राई गावात मुलीच्या घरी राहायला आले होते. खूप वाळले होते, शर्टाची कॉलर गळ्यापेक्षा मोठी. मी नमस्कार केला. त्यांनी ओळखलं. मीच बडबडत राहिले. मुलगा नोकरीला लागला, पाणी आता रोज येतं, हिराबायची नात गोरी आहे. ते ऐकत होते. मग त्यांनी हात वर केला, मी थांबले. ते जवळ आले, वाकले आणि माझ्या कानाशी काहीतरी बोलायला लागले.

एक-दोन शब्द नव्हते. चांगलं लांब बोलले. आणि नेमके भरावाच्या मातीचे डंपर, एकामागून एक तीन, धुरळा उडवत गेले. खाडीकडे बिल्डिंगी उठत होत्या तेव्हा. माझ्या कानाला त्यांचा गरम श्वास लागत होता, पण शब्द एकही कळला नाही. ते थांबले आणि उत्तरासाठी माझ्याकडे बघायला लागले.

'परत सांगा' म्हणायचं होतं. जीभ उचलली नाही. त्या माणसाला कुणी कधी 'ऐकू आलं नाही, परत सांगा' म्हटलं नव्हतं, आणि ते मी म्हणायचं?

मी म्हटलं, "हो, शेठ."

त्यांनी मान हलवली, एखादी गोष्ट ठरल्यावर हलवतात तशी. तेवढ्यात त्यांची बस आली.

चार-पाच महिन्यांनी हिराबायचा निरोप आला, शेठ गेले. मी राईला जाऊन त्यांच्या मुलीला भेटून आले. तिला विचारावंसं वाटलं, बाबा माझ्याबद्दल कधी काही बोलले का. विचारलं नाही. काय सांगितलं असेल त्यांनी त्या दिवशी? माफ केलं म्हणाले असतील? का, माझा आवाज तू घेतलास, म्हणाले असतील? का लताचं विचारलं? मी कशाला हो म्हटलं, ते मला आजही माहीत नाही.

त्या दिवशी बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. बस सुटली तरी माझ्याकडे बघून त्यांचे ओठ हलतच होते. मी खालून पुन्हा मान हलवली.